साठातून दहा, त्यातून पाच : योरुबा भाषेत मोजायला शिकताना

योरुबा भाषेत ४५ हा आकडा 'आरूँ-दीँ-लादॉता' असा म्हणतात. फोड केली तर अर्थ निघतो : 'आदॉता'मधून पाच कमी. आदॉता म्हणजे ५०. पण त्या पन्नासाचीही फोड होते : साठातून दहा कमी. आणि साठ म्हणजे तीन विसा. म्हणजे आधी वीस त्रिक साठ करायचे, त्यातून दहा काढायचे, मग आणखी पाच काढायचे, तेव्हा कुठे पंचेचाळीस हाती लागतात.

पहिल्यांदा ऐकणारा हसतो किंवा वही मिटून ठेवतो. दोन्हींची गरज नाही. दहा शब्द, वजाबाकीची एक सवय आणि ठरावीक टप्प्यांची नावं एवढ्या भांडवलावर दोनशेपर्यंत बिनघोर जाता येतं. शिवाय मराठी माणसाची तयारी आधीच झालेली असते. आपण १९ ला 'एकोणीस' म्हणतो, म्हणजे विसाला एक उणा. २९, ३९, ४९ असं करत ८९ पर्यंत आपण हेच करतो. पावणेदहा वाजले म्हणताना दहातून पाव तास वजा करतो आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही. दोन विसा, तीन विसा असं मोजणारी जुनी माणसंही आपल्याकडे होतीच. योरुबा मोजणी यातलं काही नवीन आणत नाही, फक्त हीच युक्ती थकेपर्यंत वापरते.

ही भाषा बोलणारे लोक चार कोटींहून अधिक आहेत. त्यातले बहुतेक नायजेरियाच्या नैऋत्य भागात, म्हणजे लागोस, इबादान, अबेओकुटा, इफे या पट्ट्यात राहतात. शेजारच्या बेनिन आणि टोगो या देशांतही योरुबा बोलली जाते.

आधी कान, मग आकडे

योरुबा सुरांची भाषा आहे. प्रत्येक अक्षर खालच्या, मधल्या किंवा वरच्या सुरात म्हणावं लागतं आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. तिथल्या शाळांत हे तीन सूर दो-रे-मी म्हणून शिकवतात. आपल्याला सा-रे-ग म्हणता येईल. यात नेमकी पट्टी सांभाळायची नसते. बोलणाऱ्याच्या आवाजात खालचा कुठला आणि वरचा कुठला एवढा फरक ऐकू आला की पुरे.

फरक किती पडतो? 'ओगूँ' रे-ग असं म्हटलं तर वीस. रे-रे म्हटलं तर युद्ध. सा-ग म्हटलं तर ओगूँ हा लोखंडाचा देव, लोहारांचं आणि आता मोटार चालवणाऱ्यांचंही दैवत. बाजारात संदर्भावरून लोक समजून घेतात, पण सवय पहिल्या दिवसापासून लावावी. मागाहून सूर दुरुस्त करणं फार जड जातं.

स्वरांच्या बाबतीत मराठीला एक फायदा आहे. योरुबात बंद 'ए' आणि उघडा 'ए' असे दोन वेगळे स्वर आहेत, तसेच बंद 'ओ' आणि उघडा 'ओ'. रोमन लिपीत उघड्या स्वरांखाली टिंब देतात, आणि घाईत छापणारे ते टिंब गाळतात. आपल्याकडे 'ॲ' आणि 'ऑ' ही अक्षरं आहेतच. या लेखात उघड्या 'ए'साठी 'ॲ' वापरतो आहे. 'बॅट'मध्ये तोंड जितकं उघडतं त्याहून थोडं कमी उघडायचं. चंद्रबिंदू दिसला की स्वर नाकातून काढायचा, मागे 'न' किंवा 'म' लावायचा नाही. राहिला 'ग्ब'. हा जोडाक्षरासारखा लिहिला तरी आधी ग मग ब असा नाही. घसा आणि ओठ दोन्ही एकदम बंद करून एकदम सोडायचे. थोडा सराव लागतो, आणि त्या सरावात तुम्हाला घरच्यांनी पाहू नये हे बरं.

दहा शब्द

एक ते दहा असे : एनी, एजी, ॲता, ॲरीँ, आरूँ, ॲफा, एजे, ॲजॉ, ॲसाँ, ॲवा.

सूर पाठ करायला एक सोय आहे. दोन ते दहा हे सगळे आकडे 'सा'वर सुरू होतात, त्यामुळे दुसऱ्या अक्षराचाच सूर लक्षात ठेवायचा. एजी (२) आणि ॲफा (६) खालीच राहतात : सा-सा. ॲता (३), ॲरीँ (४), एजे (७), ॲजॉ (८) मधे चढतात : सा-रे. आरूँ (५), ॲसाँ (९), ॲवा (१०) थेट वर जातात : सा-ग. एनी (१) मात्र मधल्या सुरावर सुरू होऊन वर जातो, रे-ग. हे दहा शब्द बोलू नका, गुणगुणा. दोन दिवसांत चाल बसते.

सात-आठ या जोडीपाशी नवशिके अडखळतात. एजे आणि ॲजॉ कानाला जवळचे वाटतात, आणि आजूबाजूला याच अक्षरांचे भलते शब्द उभे असतात. 'ॲजॉ' रे-ग असं म्हटलं तर तो कोर्टातला खटला होतो. 'एजो', बंद स्वरांनी आणि रे-सा अशा उतरत्या सुरात, म्हणजे साप. आठ, खटला आणि साप यांची गल्लत टाळायची तर स्वर किती उघडा आणि सूर कुठला, दोन्ही पाळावे लागतात.

पंधरापाशी रस्ता वळतो

अकरा ते चौदा सरळ आहेत. आकड्यामागे 'ला' लागतो, म्हणजे 'दहावर चढलेले'. एजीला बारा, ॲताला तेरा, ॲरीँला चौदा. अकराला 'ऑकाँला' म्हणतात, कारण एकासाठी 'ऑकाँ' असाही शब्द आहे आणि जोडशब्दांत तोच येतो.

पंधरा आले की मोजणारा दहाकडे पाठ फिरवतो आणि पुढच्या विसावर नजर लावतो. पंधरा म्हणजे विसात पाच कमी. हा शब्द वापरून वापरून आक्रसला आहे : ॲदोगूँ. सोळापासून मात्र सगळी हाडं दिसतात. 'ॲरीँ-दीँ-लोगूँ' : ॲरीँ म्हणजे चार, 'दीँ' म्हणजे कमी होणं, 'लोगूँ' म्हणजे विसातून. सतरा ॲता-दीँ-लोगूँ, अठरा एजी-दीँ-लोगूँ, एकोणीस ऑकाँ-दीँ-लोगूँ. मग वीस, ओगूँ.

विसानंतर पुन्हा बेरीज. आता 'दीँ'च्या जागी 'ले' येतो, म्हणजे 'वर असणं'. बावीस : एजी-ले-लोगूँ, विसावर दोन. चोवीसपर्यंत असंच. पंचवीस आले की नजर तिसावर. तीस म्हणजे 'ऑग्बॉँ', हा स्वतंत्र शब्द आहे, पाठच करायचा. पंचवीसही पंधरासारखा आक्रसलेला : ॲदॉग्बॉँ. सव्वीस ॲरीँ-दीँ-लॉग्बॉँ, तिसातून चार. आणि तेहेतीस? ॲता-ले-लॉग्बॉँ, तिसावर तीन.

तर नियम एवढाच : एकम स्थानी १ ते ४ असेल तर मागच्या दशकावर चढवा, ५ ते ९ असेल तर पुढच्या दशकातून काढा. लहान संख्यांत चारपेक्षा मोठा आकडा कधी चढवत नाहीत, पाचपेक्षा मोठा कधी काढत नाहीत. आपण वजाबाकी एकावर थांबवली, त्यांनी पाचापर्यंत नेली. मान्य, आपल्या नियमातही खोट आहे : ९९ ला आपण 'एकोणशंभर' म्हणत नाही, नव्व्याण्णव म्हणतो. योरुबात ९९ सुद्धा इमानदारीने शंभरातून एक आहेत.

सोळापाशी जरा थांबायला हवं, कारण योरुबा संस्कृतीत हा आकडा फार मोठा आहे. इफा नावाची तिथली भविष्य पाहण्याची पद्धत सोळा ताडफळाच्या बियांवर आणि सोळा मूळ आकृत्यांवर उभी आहे. त्यांच्या जोड्या लावल्या की सोळा गुणिले सोळा, २५६ अध्याय होतात आणि प्रत्येक अध्यायाला जोडलेली कवनं पुरोहितांना मुखोद्गत असावी लागतात. युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत २००८ साली इफाची नोंद केली. सोळा कवड्या टाकून कौल घ्यायची एक वेगळी पद्धत आहे, तिचं नावच 'ॲरीँ-दीँ-लोगूँ', म्हणजे सोळा. गुलाम म्हणून पकडून नेलेल्या योरुबा लोकांबरोबर ती क्यूबाला पोचली. तिथे तिला 'दिलोगून' म्हणतात. शब्दाची पुढची बाजू झिजून गेली. चार गळाले आणि 'विसातून वजा' एवढंच उरलं. हवानात कवड्या टाकणाऱ्याला योरुबा येत नसली तरी ही अर्धी वजाबाकी त्याच्या तोंडी असते.

दशकांची शिडी

चाळीसपासून पुढे दशकंही याच चालीने बनतात. सम दशकं विसाच्या पटीत : ओगोजी म्हणजे दोन विसा (४०), ऑगॉता तीन विसा (६०), ऑगॉरीँ चार विसा (८०), ऑगॉरूँ पाच विसा (१००). पुढे ऑगॉफा १२०, ओगोजे १४०, ऑगॉजॉ १६०, ऑगॉसाँ १८०. दोनशेला स्वतंत्र शब्द : इग्बा.

यात कुठे 'ओगो' येतो आणि कुठे 'ऑगॉ', हे पाठ करायची गरज नाही. योरुबाचे स्वर एकमेकांना धरून चालतात. मागचा आकडा बंद 'ए'ने सुरू होणारा असेल (एजी, एजे) तर पुढे बंद 'ओगो'. उघड्या 'ॲ'ने सुरू होणारा असेल (ॲता, ॲरीँ, ॲफा, ॲजॉ, ॲसाँ) तर उघडा 'ऑगॉ'. पाचासाठीही 'ऑगॉ'च. हा नियम पुढे हजारांतही तुमच्या कामी येईल.

विषम दशकं पुढच्या सम दशकातून दहा काढून मिळतात. त्यांच्या सुरुवातीला 'आद' येतो, त्यात 'दहा कमी' दडलेलं आहे. आदॉता ५०, आदॉरीँ ७०, आदॉरूँ ९०, आदॉफा ११०, आदोजे १३०, आदॉजॉ १५०, आदॉसाँ १७०. इथे एक ठेच बसते. 'आदॉता'मध्ये तीन ऐकू येतात म्हणून मन तिसाच्या घरात जातं, आणि आकडा असतो पन्नास. तीन ऐकलं की मनात साठ आणायचे आणि मग दहा उतरायचे.

आता हे जोडून पाहू. ७२ : एकम दोन, म्हणून मागच्या सत्तरवर चढवा, एजी-ले-लादॉरीँ. ७६ : एकम सहा, म्हणून ऐंशीकडे बघा, चार कमी, ॲरीँ-दीँ-लॉगॉरीँ. ६८ : पुढचं दशक सत्तर, त्यातून दोन, एजी-दीँ-लादॉरीँ. शेवटच्या या उदाहरणात दोन वजाबाक्या आहेत, पण बोलणारा काही ऐंशीतून दहा, त्यातून दोन असा हिशोब मांडत बसत नाही. त्याच्यासाठी आदॉरीँ हा सत्तरचा शब्द आहे, बस्स. आपण 'एकोणसत्तर' म्हणताना सत्तरातून एक वजा केल्याची जाणीव आपल्याला कुठे असते?

म्हणून मला वाटतं, एक ते शंभर अशी यादी पाठ करणं हा इथे सगळ्यात वाईट मार्ग. आधी ओगूँ, ऑग्बॉँ, ओगोजी, आदॉता असे टप्पे उलटसुलट पक्के करावेत. टप्पे डोळ्यांसमोर आले की मधले आकडे आपोआप पडतात. आणखी एका गोष्टीत मराठी माणूस सुखात आहे : योरुबातही एकम आधी आणि दशक नंतर. 'त्रेसष्ट' म्हणताना आपण तीन आधी उच्चारतो, तसंच तिथे ॲता-ले-लॉगॉता. इंग्रजीच्या सवयीने दशक आधी टाकायला गेलात तर घोटाळा होईल.

एवढी वजाबाकी का?

याचं उत्तर बरेच जण कवड्यांत शोधतात. शेकडो वर्षं पश्चिम आफ्रिकेच्या या भागात कवडी हेच चलन होतं. आणि त्या कवड्या आपल्या बाजूच्या समुद्रातल्या : मालदीवमध्ये गोळा होत, तिथून बंगाल किंवा श्रीलंकेमार्गे युरोपात जात, आणि युरोपीय व्यापारी त्या जहाजं भरभरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरवत. बदल्यात त्यांनी काय नेलं ते सांगायला नको, माणसं नेली. तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यातल्या माळेत जी कवडी असते, त्याच जातीचं हे नाणं.

कवडीची किंमत इतकी लहान की मोठा व्यवहार म्हणजे ढीग मोजणं. चाळीस कवड्यांची एक माळ, पन्नास माळांचं एक 'डोकं' म्हणजे २,००० कवड्या, आणि दहा डोक्यांचं एक पोतं, २०,००० कवड्या. हे पोतं वीस-बावीस किलोंचं व्हायचं. अडॉल्फस मान या मिशनऱ्याने १८८७ साली योरुबा आकड्यांवर टिपण लिहिलं, त्यात मोजणाऱ्याची पद्धत दिली आहे. तो पोतं जमिनीवर ओततो, गुडघे टेकून बसतो, पाच-पाच कवड्या ओढतो आणि मनात एक, दोन करत विसापर्यंत जातो. झाले शंभर. तसंच दुसरं शंभर. दोन ढीग एकत्र सारले की दोनशे, आणि दोनशेच्या राशी जमत जातात. पाच, वीस, दोनशे हे आकडे योरुबात खांबासारखे का उभे आहेत, ते या मुद्रेतून दिसतं. पुढची रास आधीच मनात धरलेली असेल तर 'अजून पाच कमी आहेत' हे सांगणं मोजणाऱ्याला सहज सुचणारं आहे.

हे स्पष्टीकरण मला पटतं, पण सगळं ओझं कवड्यांवर टाकू नये. विसाची मोजणी जगात अनेक ठिकाणी आढळते, हातापायांची बोटं सगळ्यांना वीसच असतात. शेजारच्या इग्बो लोकांचीही जुनी मोजणी विसाचीच होती. कवड्यांनी फार तर असलेल्या चालीला धार लावली असेल.

दोनशेच्या पुढे हीच रचना मोठ्या पावलांनी चालते. ३०० (ऑदूँरूँ) आणि ४०० (इरीँवो) यांना आपापली नावं आहेत. ६०० म्हणजे तीन दोनशे, ॲग्बॅता. हजार म्हणजे पाच दोनशे, ॲग्बॅरूँ. मधले ५०० म्हणजे सहाशेतून शंभर कमी, ७०० आठशेतून, ९०० हजारातून. २,००० ला ॲग्बा. ५,००० म्हणजे सहा हजारांतून एक हजार कमी. एकमांत पाचापर्यंत, दशकांत दहा, शेकड्यांत शंभर, हजारांत हजार असं काढायचं माप मोठं होत जातं, पण पुढच्या टप्प्यावर उभं राहून मागे बघणं बदलत नाही. तज्ज्ञांचं आवडतं उदाहरण ५२५ : सहाशे, त्यातून ऐंशी कमी, त्यावर पाच. १९६०, नायजेरियाच्या स्वातंत्र्याचं साल, दोन हजारांत चाळीस कमी असं सांगता येतं. पण तेच साल एकोणीसशे आणि वर साठ असंही सांगता येतं. मोठ्या संख्यांना एकच बरोबर वाट नसते, आणि नवशिक्याला हे कुणी सांगत नाही म्हणून तो दोन पुस्तकांत दोन रूपं पाहून घाबरतो.

वीस हजारांना 'ऑकॅ' म्हणतात. ऑकॅ म्हणजे पोतं. आपला एक लाख तिथे पाच पोती होतो, आणि दहा लाख म्हणजे 'आदॉता ऑकॅ', पन्नास पोती. रेडिओवर हल्ली 'मिलिऑनू' हा इंग्रजीवरून घेतलेला शब्दही चालतो.

वस्तू मोजताना

आतापर्यंतचे शब्द नुसत्या मोजणीचे. वस्तूबरोबर येताना आकड्याला पुढे 'म' लागतो : मेजी, मॅता, मॅरीँ, आणि दहाला मॅवा. आकडा वस्तूच्या मागे बसतो. 'इले मेजी' म्हणजे दोन घरं, 'इवे मॅता' तीन पुस्तकं. एकासाठी एनी चालत नाही, 'काँ' लागतं : इवे काँ. अकरा, बारा, सोळा अशा जोडआकड्यांनाही हा 'म' लागतो, म्हणून बोलण्यात मेजीला, मॅरीँ-दीँ-लोगूँ अशी रूपंच जास्त कानावर पडतात. वीस, तीस, दोनशे, हजार असे टप्प्याचे आकडे मात्र 'म' घेत नाहीत आणि वस्तूच्या आधी येतात. दहा वर्षं 'ऑदूँ मॅवा', पण तीस वर्षं 'ऑग्बॉँ ऑदूँ'.

क्रमासाठी 'क' : केजी दुसरा, कॅता तिसरा. जुळ्यांच्या बाबतीत योरुबांचा क्रम उलटा आहे. आधी जन्मलेल्याला ताइवो म्हणतात, मागून येणाऱ्याला केहिंदे, आणि थोरला मानतात केहिंदेला. धाकट्याला जग कसं आहे ते बघायला पुढे पाठवलं, अशी समजूत.

'किती?' हे विचारायला वस्तूंसाठी 'मेलो' आणि किमतीसाठी 'एलो' असे वेगळे शब्द आहेत. 'एलो नी?' म्हणजे 'केवढ्याला?' मेलो वापरताना एक पथ्य पाळा : मुलं किती, असं आईबापांना थेट विचारू नये. दुसऱ्याची मुलं मोजू नयेत अशी तिथे म्हणच आहे. आपल्याकडे दृष्ट लागते म्हणणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दिवस मोजताना आणखी एक गंमत होते. योरुबा पद्धतीत सुरुवातीचा दिवसही धरतात. त्यामुळे परंपरेने दर चौथ्या दिवशी भरणारा बाजार त्यांच्या भाषेत पाच दिवसांचा असतो, आणि परवा (होऊन गेलेला) म्हणजे 'इजॅता', त्यात ॲता, तीन, बसलेले आहेत : आज, काल, परवा. सोमवारी 'आठ दिवसांनी ये' म्हटलं की आपण पुढच्या सोमवारीच हजर होतो, तोच हिशोब.

आज कोण असं मोजतं?

खरं सांगायचं तर शहरात फार जण असं मोजत नाहीत. लागोसमध्ये योरुबात गप्पा मारणारा माणूस फोन नंबर, साल आणि मोठी रक्कम बहुधा इंग्रजीत सांगतो. लहान आकडे टिकून आहेत, आणि वीस-तीसच्या पुढे तरुणांची गाडी इंग्रजीकडे वळते. शाळांमधून प्रयत्न झाले. इफे इथे १९७० साली बाबातुंडे फाफुन्वा यांच्या पुढाकाराने प्राथमिकची सहाही वर्षं योरुबातून शिकवण्याचा प्रकल्प सुरू झाला, त्यात गणितही होतं. दुसरीकडे, दहाच्या पटीत सरळ चालणारी सोपी आकडेपद्धत घडवावी असं म्हणणारेही आहेत. इग्बोंमध्ये तसा बदल झालाच : विसाचा जुना 'ऑगू' मागे पडला आणि 'दोन दहा' म्हणजे वीस, असं शाळांतून रूढ झालं.

महाराष्ट्राने हा वाद घरातच पाहिला आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'बावीस'ऐवजी 'वीस दोन' असं वाचायची पद्धत आली, तेव्हा किती रान पेटलं होतं! समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर सांगत होत्या की त्र्याण्णव, सत्त्याहत्तर अशा शब्दांपायी मुलं गणितालाच घाबरतात. विरोधक म्हणत होते, भाषा मोडू नका. दोन्ही बाजूंचं म्हणणं योरुबाला जसंच्या तसं लागू पडतं. फरक एकच, आणि तो योरुबाच्या बाजूने आहे : मराठीत एक ते शंभर म्हणजे जवळजवळ शंभर वेगळे शब्द पाठ करावे लागतात, कारण आपले जोड घासून गुळगुळीत झाले आहेत. योरुबाचे सांधे अजून उघडे दिसतात. बाहेरच्यांनी या मोजणीला अवघड म्हटलं, पण मराठी शिकणाऱ्याला पंचावन्न, पासष्ट, पंचाहत्तर हे तीन शब्द ओळीने पाठ करायला सांगून बघा.

सुरुवात करणाऱ्याने दोनशेपर्यंत थांबावं, हा माझा सल्ला. त्यापुढच्या संख्या बोलण्यात क्वचित योरुबात येतात. तोंडात बसवायला वय आणि किंमती बऱ्या. आणि कुणी आकडा सांगत असेल तर ओळखीचा पहिला तुकडा ऐकून घाईने बोलू नका. 'ॲता' कानावर पडले म्हणजे तीन वर की तीन कमी हे अजून ठरलेलं नसतं. मधे 'ले' आला की 'दीँ' ते पकडा, आणि शेवटचा टप्पा येईपर्यंत गप्प राहा. ॲता-ले-लॉगॉरूँ म्हणजे १०३, ॲता-दीँ-लॉगॉरूँ म्हणजे ९७. इबादानच्या बाजारात या दोहोंत सहा नायरांचा फरक आहे.